घरातील नौबत

उन्हाळ्याच्या भर दुपारी नौबादेत वीज गेली म्हणजे घरात जी शांतता पसरते ती आधी कानाला चमत्कारिक वाटते आणि मागाहून सुखावते. कारण सकाळपासून आपण किती आवाजांच्या सोबतीने वावरत होतो हे ते आवाज चालू असेपर्यंत कळत नाही, मिटल्यावर कळते. पंख्याची घरघर, फ्रीजची मंद गुणगुण, स्टॅबिलायझरची अधूनमधून होणारी खटखट, शेजारच्या अंगणातील मोटारीचा सूर, हे सारे एका क्षणात थांबते, आणि मग अंगणातील होल्याचे घुमणे व वायुसेनेच्या तळावरून उडालेल्या विमानाची दूर जाणारी गर्जना तेवढी उरते. परंतु खरे कान द्यावेत ते वीज परत येते त्या घटकेला. प्रथम पंखा हलतो आणि आठदहा फेऱ्यांत आपली लय धरतो. इन्व्हर्टर सूर पालटून बॅटरी भरण्याच्या कामाला लागतो. तीनेक मिनिटांनी स्टॅबिलायझरमधला खटका पडतो, आणि त्याच्या पाठोपाठ फ्रीजचा कॉम्प्रेसर किंचित थरथरून सुरू होतो. अशा रीतीने एकेक यंत्र आपापल्या पाळीने हजेरी देते, आणि प्रत्येकाचा निरोगी आवाज इतरांपासून वेगळा काढून ओळखण्याची याहून चांगली संधी गृहस्थाला मिळत नाही. गेली कित्येक वर्षे ही हजेरी मी न चुकता घेत आलो आहे. ती घेण्याची बुद्धी मला एका फ्रीजचे मोल देऊन आली, त्याची हकीकत पुढे येईल.

नौबाद म्हणजे बिदर शहराला लागून असलेली आमची वस्ती. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेला हा मुलूख 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तरी इथल्या घरांतून मराठी, कानडी, दखनी आणि तेलुगू एकाच ओसरीवर नांदत राहिल्या, आणि ‘नौबत’ हा शब्द या चारही भाषांच्या माणसांना सारखाच परिचित राहिला. राजद्वारावरील नगारखान्यात नियत प्रहरी झडणारा वाद्यांचा घोष ती नौबत. आणि संकट अगदी दारात येऊन ठेपले म्हणजे ‘अशी नौबत आली’ असे आपण म्हणतो तीही नौबतच. गावाचे नाव उच्चारताना हा शब्द माझ्या कानाशी नेहमी घोटाळतो, आणि घरातील यंत्रे जे आवाज करतात ते ऐकताना या दोन्ही अर्थांची आठवण होते: एक रोजचा, वेळेवर झडणारा घोष, आणि दुसरा अनिष्टाची वर्दी देणारा.

याच नौबादेत जमिनीच्या पोटातून गेलेली ती प्रसिद्ध सुरंग-बावी, म्हणजे कारेझ, आहे. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली, त्या राज्यात इराणी विद्येच्या आधाराने जांभ्या दगडातून मंद उताराचे भुयार कोरण्यात आले आणि हवेसाठी व दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी उभी विवरे पाडण्यात आली. त्या भुयारातून पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येई. त्याला पंप नव्हता, मोटार नव्हती, आणि म्हणून बिघाडाचा इशारा देणारा आवाजही नव्हता. आज त्याच जमिनीत घरोघरी बोअर आहे आणि बोअरवर मोटार आहे. पाणी बोलके झाले, तेव्हा त्याची भाषा शिकणे ओघानेच आले.

या भाषेचे व्याकरण फारसे अवघड नाही. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. लोखंडी गाभ्याभोवती तारेचे वेटोळे असलेल्या उपकरणात दर आवर्तनाला चुंबकत्व दोनदा चढते व दोनदा उतरते, गाभ्याचे पत्रे त्याबरोबर सूक्ष्म प्रमाणात ताणतात नि सैल होतात, आणि त्यामुळे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून जुन्या ट्यूबलाइटच्या चोकपर्यंत साऱ्यांचा मूळ सूर सेकंदाला 100 कंपनांचा असतो. हा एकसुरी ‘हूं’ प्रकृतीचे लक्षण होय. त्याच्यावर फिरणाऱ्या भागांचे आवाज चढतात: छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, पाण्याची लहान मोटार 2800 च्या आसपास, आणि मिक्सर तर 18,000 च्या घरात जातो, म्हणून एकाची घरघर, दुसरीचा घोष आणि तिसऱ्याची किंकाळी. यांपैकी कोणता आवाज मोठा आणि कोणता लहान यावरून काहीच ठरत नाही. तो कालच्यासारखा आहे की नाही, एवढेच विचारावे. पॅरिसच्या लेनेक नावाच्या वैद्याने 1816 साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले, त्यातून स्टेथोस्कोप निघाला. परंतु त्या नळीचा उपयोग ज्याने निरोगी हृदय शेकडो वेळा ऐकले आहे त्यालाच होतो. घरातील यंत्रांचेही तसेच आहे. यात अडचण एकच, आणि ती आपल्या श्रवणेंद्रियाच्या स्वभावातच आहे: जो आवाज हळूहळू वाढतो त्याला कान सरावतो, आणि महिन्याभरात बिघडलेला आवाज हाच आपल्याला नेहमीचा वाटू लागतो. पाहुणा येऊन ‘तुमचा पंखा फार वाजतो हो’ असे म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे सहसा खरे असते.

आता ती फ्रीजची हकीकत. एका वैशाखात संध्याकाळचा विजेचा दाब फार खाली जाऊ लागला होता. जेवणे उरकून बाजेवर पडलो की स्वयंपाकघरातून ‘टक्’ असा बारीक आवाज येई, मग चारपाच सेकंद जड ‘गूं’, पुन्हा ‘टक्’, आणि मग सारे शांत. काही मिनिटांनी हाच प्रकार पुन्हा. मला तो पालीच्या चुकचुकण्याइतकाच निरुपद्रवी वाटला. तीन रात्री मी तो ऐकला आणि तिन्ही रात्री कूस बदलली. चौथ्या दिवशी सकाळी दूध नासलेले होते आणि फ्रीजच्या मागची बाजू हात लावू नये इतकी तापली होती. दुरुस्तीला आणलेल्या पहिल्या माणसाने गॅस भरण्याचे पैसे घेतले आणि दोन दिवसांनी कॉम्प्रेसरच जळाल्याचे निष्पन्न झाले. पण मूळ कसूर माझाच होता. कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करी, दाब अपुरा असल्यामुळे त्याचा दांडा फिरत नसे, प्रवाह बेसुमार वाढे, आणि कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठी बसवलेला लहानसा संरक्षक खटका तापून तो प्रवाह तोडी, तो हा ‘टक्’. मोटारीचा तो अर्ज होता, आणि मी तो तीन रात्री दप्तरी दाखल न करता परत पाठवला. असा आवाज लागोपाठ दोनतीनदा ऐकू आला तर फ्रीजचे बटण बंद करावे, दाब पूर्ववत झाल्याची खातरजमा करावी आणि पाच मिनिटांचा अवधी देऊनच ते पुन्हा लावावे, कारण आतल्या वायूचा दाब दोन्ही बाजूंना समान झाल्यावाचून कॉम्प्रेसरला उठता येत नाही. दाब योग्य असूनही ‘टक्’ थांबत नसेल तर दोष रिलेमध्ये किंवा खुद्द कॉम्प्रेसरमध्ये असतो, आणि मग जाणत्याला बोलवावे. याच्या उलट, नळीतून पाणी खळखळल्यासारखा किंवा आतले प्लास्टिक कडकल्यासारखा जो आवाज फ्रीज करतो तो नैसर्गिक होय. वायूचे वहन व थंडीने होणारे आकुंचन यांचा तो ध्वनी असतो, आणि त्यापायी कोणाला बोलावण्याची गरज नाही.

मोटारीचे ज्ञान मला एका वृद्ध मिस्त्रींकडून मिळाले. मोटारी भरून देण्याचे त्यांचे दुकान म्हणजे तांब्याच्या तारेची रिळे, वार्निशाचा वास आणि दारात मांडलेली सात-आठ उघडी धुडे. त्यांना घरी आणले तेव्हा त्यांनी मोटार उघडली नाही. ती चालू करायला सांगितली, लांब दांड्याचा पेचकस काढला, त्याचे टोक मोटारीच्या पुढच्या झाकणावर, बेरिंगच्या बरोबर वर, टेकवले, आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावून डोळे मिटले. मग टोक मागच्या झाकणावर नेले. पुन्हा पुढे आणले. शेवटी मूठ माझ्या हाती दिली. मागच्या बाजूला रेशमी वस्त्र ओढल्यासारखा अखंड सूर होता. पुढच्या बाजूला त्याच सुरात कोणी बारीक खडे भरडत असल्यासारखी खरखर होती. नुसत्या कानाला हा भेद मुळीच जाणवत नव्हता.

“मालक, बेरिंग गेलं न्हाई, जाऊलालंय,” ते म्हणाले. “आज बदललं तर बेरिंगचं काम. म्हैनाभर असंच चालीवलं तर वायंडिंगचं.”

‘गेलं’ आणि ‘जाऊलालंय’ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे त्यातच या साऱ्या विद्येचे सार मला दिसले. बेरिंगमधील गोळ्या झिजल्या की दांडा जागचा हलतो, दांड्याबरोबर फिरणारा गाभा भोवतीच्या स्थिर गाभ्याला घासू लागतो, आणि मग तांब्याच्या तारेवरील वार्निश करपून सगळी मोटार पुन्हा भरावी लागते. खरखर ही त्या साखळीची पहिली कडी. ती ऐकू आली त्या दिवशी काम थोडक्यात निभावते.

मोटारीचे आणखी दोन आवाज आमच्या भागातल्या प्रत्येकाने ओळखावेत असे मला कळकळीने वाटते. बटण दाबल्यावर मोटार नुसती ‘हूं’ करीत राहिली आणि फिरली नाही, तर मनात पाचपर्यंत आकडे म्हणण्याच्या आत ती बंद करावी. कपॅसिटर निकामी झालेला असतो, किंवा पंख्यात काही अडकलेले असते, किंवा तीन फेजच्या मोटारीची एक फेज गेलेली असते, आणि अडलेली मोटार नेहमीच्या पाचसहापट प्रवाह ओढून थोड्याच वेळात जळते. ‘सुटेल थोड्या वेळानं’ म्हणून वाट पाहत उभे राहिल्याने जितक्या मोटारी जळाल्या असतील तितक्या बहुधा दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने जळाल्या नसतील. दुसरा आवाज चैत्र-वैशाखात, विहिरीचे पाणी खोल गेल्यावर येतो: पंपात वाळू नि बारीक खडी चाळल्यासारखा. वास्तविक आत खडी नसते. वर बसवलेला पंप पाणी ओढतो म्हणजे आपल्या तोंडाशी पोकळी करतो आणि हवेचा दाब पाण्याला त्या पोकळीत ढकलतो. हे ढकलणे व्यवहारात सातेक मीटरच्या पलीकडे जमत नाही, आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच असलेल्या आमच्या पठारावर ते आणखी थोडे कमीच. पाणी त्याहून खोल गेले की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाणीच उकळून त्याचे बुडबुडे होतात, आणि ते पंख्यावर फुटून धातूला खड्डे पाडतात. मोटार बंद करून पंप खाली उतरवणे हाच यावरचा इलाज.

स्वयंपाकघरातील नौबत म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. या भांड्याचा पूर्वज डेनिस पापॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 साली केला, आणि ते फुटू नये म्हणून जास्तीची वाफ सोडणारी झडपही त्यानेच योजली. आजच्या कुकरचे वजन म्हणजे त्याच कल्पनेचा विस्तार. शिट्ट्या मोजण्याचा दस्तूर घरोघर आहे, पण शिट्टी वाजण्यापेक्षा ती न वाजणे अधिक अर्थपूर्ण असते, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. नेहमीच्या वेळेत शिट्टी आली नाही आणि झाकणाच्या कडेने फुसफुस ऐकू आली, तर रबरी गास्केट कडक झाले आहे. शिट्टीही नाही आणि फुसफुसही नाही, कुकर अगदी मुका आहे, तर मात्र ज्योत तत्काळ मालवावी आणि त्याला हात न लावता दूर व्हावे. वाफेची नळी डाळीच्या फेसाने तुंबलेली असू शकते, किंवा आतले पाणी संपलेले असते. माझी आई कुकर लावण्याआधी त्या नळीला डोळा लावून उजेड दिसतो का हे रोज पाहत असे. याहून साधा व खात्रीचा बंदोबस्त मला माहीत नाही.

मिक्सरविषयी थोडेच. त्याची किंकाळी एकाएकी जड झाली तर भांड्यात माल जास्त झाला आहे. आवाज मोकळा पण पाते फिरत नसेल तर तळची रबरी जोडणी झिजली आहे. बंद पडल्यावर बुडाखालचे लाल बटण दाबायचे ते थोडा वेळ निवू दिल्यानंतरच. धुलाई यंत्र कपडे पिळताना धाडधाड आपटले तर कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत, थांबवून पसरावेत. वेग वाढेल तशी विमान उडावे अशी गडगड चढत गेली तर ड्रमचे बेरिंग पाण्याने गंजले आहे.

गीझरचे प्रकरण मात्र आमच्या जमिनीशी निगडित आहे. वर जांभा आणि खाली काळा फत्तर अशी बिदरच्या पठाराची घडण. खोल बोअरचे पाणी त्या काळ्या फत्तरातून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. असे जड पाणी तापवले की क्षार वेगळे होऊन तापणाऱ्या कांडीवर पांढऱ्या कवचाच्या रूपाने बसतात, कवचाखाली अडकलेले पाणी उकळून फुटते, आणि गीझरमधून लाह्या फुटल्यासारखा तडतडाट येऊ लागतो. हा आवाज ताबडतोबीच्या धोक्याचा नसतो. कांडी साफ करून घेण्याची मुदत भरत आली एवढेच तो सांगतो. परंतु तडतडाटाची जागा सतत उकळल्याच्या खदखदीने घेतली आणि नळातून पाण्याऐवजी वाफ येऊ लागली, तर उष्णता तोडणारा थर्मोस्टॅट निकामी झाला आहे असे समजून मुख्य बटण बंद करावे आणि न्हाणीघरातून बाहेर पडावे.

घरातील सर्वांत लहान आवाज सर्वांत भयंकर असतो, आणि तो भिंतीतून येतो. स्विचच्या पाटीतून, विशेषतः गीझर किंवा इस्त्री चालू असताना, तेलात मोहरी पडल्यासारखी अगदी हलकी चरचर ऐकू आली, तर तेथे तार सैल झाली असून सैल टोकांच्या दरम्यान ठिणग्या उडत आहेत. आगी अशाच लागतात. पाटीवर थाप मारून तो आवाज तात्पुरता बंद होतो, आणि थाप मारणे हेच लोक करतात. ते अत्यंत घातक आहे, कारण आवाज बंद झाला तरी सैल टोक सैलच राहते. मुख्य स्विच पाडावा आणि वायरमनला त्याच दिवशी बोलवावे. तसाच दुसरा तातडीचा आवाज गॅसच्या रेग्युलेटरपाशी येणारा ‘सूं’. इथे विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, चालू असलेले बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर इत्तला द्यावी. हा वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून बाहेर जाणारे खालचे दार आधी उघडावे.

आणि जे बोलतच नाहीत असे धोकेही आहेत, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा करणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होईल. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर जळत असताना कार्बन मोनॉक्साइड तयार झाला तर त्याला वास नाही, रंग नाही आणि आवाज नाही. तेथे कानाचा उपयोग शून्य, तेथे उघडी खिडकीच पाहिजे. धातूच्या अंगात उतरलेली वीजही मुकीच असते. तिच्यासाठी चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा खटका पाहिजे.

आता माझ्या कानांविषयी. वय वाढेल तसे उंच सूर आधी नाहीसे होतात. घरघर, गडगड, हूं हे मला अजून स्वच्छ ऐकू येते, पण बारीक आणि तीक्ष्ण आवाज कधी निघून गेले ते मला कळलेच नाही. गेल्या उन्हाळ्यात एके रात्री वीज गेलेली असताना माझी सात वर्षांची नात अंथरुणात उठून बसली नि म्हणाली, “आजोबा, चिमणीसारखं कोण ओरडतंय?” मी कान दिला, मला काही ऐकू येईना. तिने माझे बोट धरून मला अंधारातून जिन्याखाली नेले. तेथे इन्व्हर्टरचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तो दर दिव्याबरोबर चिवचिवत होता. सकाळी बॅटरीची बुचे उघडली तेव्हा दोन कप्प्यांतील पट्ट्या पाण्याच्या वर उघड्या पडल्या होत्या. आणखी काही आठवडे तसेच गेले असते तर बॅटरी कायमची गेली असती.

तेव्हापासून वीज परत आली की ती जिन्याशी जाऊन उभी राहते आणि हजेरी मोठ्याने घेते: “पंखा. इन्व्हर्टर. खटका.” मग जरा थांबते. स्वयंपाकघरातून ती थरथर आली की मी मान हलवतो, आणि ती म्हणते, “फ्रीज.”